हिशेब कुठे चुकला, हे दाखवणारं यंत्र

सिल्वासाच्या आसपास, पिपरिया, मसाट, खडोली, रखोली या पट्ट्यात, पॉलिएस्टर सुताच्या कारखान्यांत आयुष्याची बरीच वर्षं गेली की एक गोष्ट मनात पक्की होते. कारखान्यात उत्तरांना तोटा नसतो. डेनियर किती भरलं, ताकद किती, क्रिम्प किती, पाळीचं उत्पादन किती किलो, वेस्टेज किती टक्के, सगळं पडद्यावर हजर असतं. तोटा असतो तो, उत्तर चुकलं तर कोणत्या पायरीवर चुकलं हे तिथल्या तिथे दाखवणाऱ्या साधनाचा. टेस्टिंग लॅबमध्ये काम केलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल: एकाच लॉटचा आपला आकडा पास, गिऱ्हाइकाचा नापास. दोन्हीकडचे तराजू बरोबर, रॅप रील बरोबर, नमुनाही एकाच बॉबिनचा, आणि तरी वाद मिटता मिटत नाही. अशा वादात पुष्कळदा सूत निर्दोष असतं आणि गोम हिशेबात निघते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की हिशेबाचं साधन किती झटपट उत्तर देतं यावरून त्याची किंमत करू नये. चुकीचं उत्तर आल्यावर, ज्याचा हिशेब आहे त्यालाच तो किती लवकर उलगडून बघता येतो, यावरून करावी. ही कसोटी लावली तर १९६८ सालचं एक टेबलावरचं यंत्र आजच्या अनेक यंत्रणांपेक्षा सरस ठरतं. विधान धाडसाचं आहे, म्हणून ते यंत्र आधी नीट बघायला हवं.

हे यंत्र म्हणजे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा ९१००ए हा प्रोग्रॅम करता येणारा कॅल्क्युलेटर. तो बाजारात आला तेव्हा सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटून चौदा वर्षं झाली होती आणि पिपरियाची सहकारी औद्योगिक वसाहत जेमतेम तीन वर्षांची होती. वजन अठरा किलोच्या आसपास, अमेरिकेतली किंमत ४,९०० डॉलर. आत एकही इंटिग्रेटेड सर्किट नाही. सुटे ट्रान्झिस्टर आणि डायोड जोडून सगळं उभं केलेलं. स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची, एकूण २,२०८ बिट. वीज गेली तरी त्यातलं काही पुसलं जात नसे. साइन, लॉग वगैरे काढण्याची कायमची कृती साठवायला कंपनीने सोळा थरांचं एक छापील सर्किट बोर्ड केलं. त्यावर एकही सुटा भाग बसवलेला नव्हता. तांब्याच्या रेषा एकमेकींजवळून कशा नेल्या आहेत, एकीतल्या विजेचा दुसरीत प्रवाह उमटतो की नाही, एवढ्यावर शून्य आणि एक ठरत. चौसष्ट बिटांच्या ५१२ ओळी, म्हणजे ३२,७६८ बिट, निव्वळ रेषांच्या मांडणीत. साइन-कोसाइन काढण्याची युक्तीही उसनी आणि सुरेख आहे. बी-५८ या बॉम्बफेकी विमानाच्या दिशादर्शक संगणकासाठी जॅक व्होल्डर यांनी शोधलेली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली ती पद्धत: कोन ठरावीक छोट्या तुकड्यांनी फिरवत न्यायचा, त्यात गुणाकार करावाच लागत नाही, फक्त बेरीज-वजाबाकी आणि अंक सरकवणं पुरतं. साध्या बेरजेला दोन मिलिसेकंद, साइनला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ. आजच्या मोजमापाने हा वेग काहीच नाही, आणि माझ्या मुद्द्याला वेगाची गरजही नाही.

मुद्द्याला गरज आहे ती पडद्याची. या यंत्राच्या छोट्या पिक्चर ट्यूबवर एकाखाली एक तीन आकडे दिसत. खालच्या ओळीत, एक्समध्ये, नुकता टाकलेला आकडा. मधल्या ओळीत, वायमध्ये, चालू हिशेबाचं फळ. वरच्या ओळीत, झेडमध्ये, तात्पुरता बाजूला ठेवलेला आकडा. बेरीज, गुणाकार काहीही केलं की उत्तर मधल्या ओळीत येई आणि खालचा आकडा तसाच राही, त्यामुळे कशाने गुणलं हे गुणून झाल्यावरही डोळ्यांसमोर असे. शिवाय सोळा कप्पे होते, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. शेवटचे दोन फक्त आकड्यांसाठी. बाकीच्या चौदांपैकी प्रत्येकात एक आकडा ठेवा किंवा प्रोग्रॅमच्या चौदा पायऱ्या. चौदा गुणिले चौदा, १९६ पायऱ्या, एवढाच सगळा पसारा. दाबलेली प्रत्येक कळ एक पायरी, अगदी ९००० हा आकडा लिहायचा तरी चार पायऱ्या खर्ची. प्रोग्रॅम झाला की खिशात मावणाऱ्या चुंबकीय कार्डावर उतरवून ठेवता येई.

आता हे आमच्या कामावर लावून बघू. सुताची नव्वद मीटरची लच्छी रिळावर काढायची, तोलायची, ग्रॅमला शंभराने गुणायचं, की डेनियर मिळतं. कारण डेनियर म्हणजे नऊ हजार मीटरचं वजन. समजा पाच लच्छ्यांचं डेनियर आलं ७४.८, ७५.२, ७५.०, ७६.१ आणि ७३.९. सरासरी बरोबर ७५. पण सरासरीवर कापड विणणारा खूश होत नाही, त्याला आकडे किती हेलकावतात हे हवं असतं, म्हणजे सीव्ही टक्के. ९१००वर हे काढायचं तर प्रत्येक आकडा टाकून वरच्या दिशेच्या बाणाची कळ, मग गुणाकाराची, मग जमा करण्याची. बाणाने आकडा मधल्या ओळीतही जातो, गुणाकाराने तिथे त्याचा वर्ग होतो, आणि जमेच्या एकाच कळीने मूळ आकडा एफ कप्प्यात व वर्ग ई कप्प्यात मिळवला जातो. पाच वेळा हे केलं आणि परत बोलावण्याची कळ दाबली की खाली ३७५ आणि मध्ये २८१२७.५ दिसतात. ३७५चा वर्ग भागिले पाच म्हणजे २८१२५; वजा केले की उरतात २.५. इथपर्यंत जगातल्या सगळ्या लॅबचं एकमत. पुढची पायरी भांडणाची. २.५ला पाचने भागून वर्गमूळ काढलं आणि त्याची सरासरीशी टक्केवारी घेतली तर सीव्ही येतो ०.९४ टक्के, चारने भागलं तर १.०५ टक्के. करारात मर्यादा एक टक्का असेल तर पहिल्या भाजकाने लॉट पास, दुसऱ्याने नापास. नमुन्यावरून सगळ्या लॉटचा अंदाज बांधायचा असेल तर चारने भागणं योग्य, हे संख्याशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण प्रश्न योग्य काय एवढाच नाही. आपल्या रिपोर्टमध्ये कोणता भाजक वापरला गेला हे लॅबमधल्या माणसाला सांगता येतं का, हा प्रश्न आहे. ९१००वर तो पाच किंवा चार कुणीतरी स्वतःच्या बोटाने दाबलेला असे, आणि प्रोग्रॅममध्ये त्याची स्वतंत्र पायरी असे.

ती पायरी शोधायला वेगळी कळ होती. यंत्र प्रोग्रॅमच्या स्थितीत ठेवून ती दाबत गेलं की पायरीचा पत्ता आणि तिथल्या कळीचा सांकेतिक क्रमांक दिसे. चालवण्याच्या स्थितीत ठेवून दाबली तर प्रोग्रॅम एकेक पायरी पुढे सरके आणि प्रत्येक पायरीनंतर तिन्ही आकडे कसे बदलले ते समोर येई. मध्येच क्षणभर थांबून आकडे दाखवायची कळसुद्धा प्रोग्रॅममध्ये घालता येई. म्हणजे चूक शोधण्याची सोय यंत्राच्या दर्शनी भागावर, बेरजेच्या कळीच्या पंक्तीला बसवलेली होती. माझ्या दृष्टीने या यंत्राचं सगळ्यात मोठं तांत्रिक वैशिष्ट्य हेच, सोळा थरांच्या बोर्डापेक्षाही मोठं.

याचं महत्त्व कळायला त्या काळी दुसरा मार्ग कोणता होता ते आठवावं. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशात घडवलेला संगणक सुरू झाला. त्याचीही स्मृती फेराइट कड्यांचीच, पण चाळीस बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे ९१००च्या सदतीस पट. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हा त्याहून कितीतरी मोठा संगणक आला. असल्या मोठ्या यंत्रांवर काम करायचं म्हणजे कार्डांचा गठ्ठा पंच करून द्यायचा, आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं आणि छापलेले कागद घेऊन जायचे. चूक निघाली की पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग. यंत्र अफाट, पण हिशेब ज्याचा तो माणूस दाराबाहेर. टेबलावरच्या यंत्राने त्याला आत घेतलं. त्याला कॉम्प्युटर न म्हणता कॅल्क्युलेटर का म्हटलं, याचं कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे दिलेलं कारणही याच अंगाचं आहे: कॉम्प्युटर म्हटलं असतं तर गिऱ्हाइकाच्या संगणक विभागातल्या जाणकारांनीच ते नाकारलं असतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ही पारदर्शकता कुणी ठरवून दिलेली नव्हती, ती गरिबीतून आली. स्मृती एवढीशी, प्रोग्रॅम एवढासा, म्हणून सगळं दिसत होतं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. १९६ पायऱ्यांचा प्रोग्रॅम एका कागदावर मावतो हे खरं. पण तीन ओळींचा पडदा गरिबीतून येत नाही. एकच ओळ दाखवली असती तर खर्च आणि कटकट दोन्ही वाचले असते. एकेक पायरी चालवण्याच्या कळीसाठीही मोजूनमापून वापरलेल्या कायम स्मृतीतली आणि कळफलकावरची जागा द्यावी लागली. तुटवड्यात माणूस कशावर खर्च करतो त्यावरून त्याला काय महत्त्वाचं वाटतं ते समजतं, आणि इथे खर्च झालाय तो दाखवण्यावर. त्याआधीचं इटलीच्या ऑलिवेत्ती कंपनीचं, १९६५ साली न्यूयॉर्कला मांडलेलं प्रोग्रामा १०१ बघितलं तरी हेच दिसतं. त्याची स्मृती तर तारेतून फिरत राहणाऱ्या स्पंदनांची, प्रोग्रॅम जास्तीत जास्त १२० सूचनांचा, पडदा नाहीच. पण पोटात छपाईयंत्र होतं. टाकलेला आकडा आणि निघालेलं फळ अरुंद कागदाच्या गुंडाळीवर उमटत जाई. चुंबकीय कार्डाची कल्पनाही आधी त्यांचीच. त्यापोटी ह्यूलेट-पॅकार्डने ऑलिवेत्तीला सुमारे नऊ लाख डॉलर मोजल्याचं प्रसिद्ध आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. ९१००मध्ये आकडे आणि प्रोग्रॅम एकाच कप्प्यांत राहत. ज्या कप्प्यात प्रोग्रॅमच्या पायऱ्या आहेत तिथेच चुकून आकडा साठवला, की त्या चौदा पायऱ्या गेल्या. कुठला दिवा लागत नसे, कुठली सूचना येत नसे. शिवाय मूळ यंत्रात छपाई नव्हती, छापायचं तर वर ठेवायचं वेगळं यंत्र विकत घ्यावं लागे. म्हणजे सकाळच्या पाळीने काय केलं याचा पुरावा दुपारच्या पाळीला मिळेलच असं नाही. कारखान्यात हा दोष लहान नाही. ज्या लॅबमध्ये तीन पाळ्यांत तीन माणसं एकाच साधनावर काम करतात तिथे लिहिलेलं मागे राहायलाच हवं. या बाबतीत प्रोग्रामा १०१ची कागदी पट्टी उजवी. मी या यंत्रांची आरती करायला बसलेलो नाही. एकात पायरी बघायची सोय होती, दुसऱ्यात लेखी माग राहत होता. दोन्ही एकत्र हव्यात, आणि दोन्ही पन्नास-साठ वर्षांपूर्वी हाताशी होत्या, एवढंच मला दाखवायचं आहे.

तिसरा आक्षेप तरुण सहकारी घेतात: एक्सेल आहे की. सूत्र दिसतं, पायरीपायरीने उलगडून दाखवायचीही सोय आहे. बरोबर आहे, एक्सेलला दोष देण्यात अर्थ नाही. पण आमच्या धंद्यात साधनाचा प्रवास कसा झाला ते बघा. आधी लॅबमध्ये लांब रजिस्टर असे. लच्छीचं वजन, त्याचं डेनियर, सरासरीपासूनचा फरक, फरकाचा वर्ग, सगळ्यांना वेगळे रकाने. साधा कॅल्क्युलेटर, पण रकाने असल्यामुळे चूक कोणत्या रकान्यात आहे ते बोट ठेवून सांगता येई. मग तराजू कॉम्प्युटरला जोडले गेले, रजिस्टर बंद झालं आणि त्यासोबत मधले रकानेही गेले. खरं वळण तिथे आलं. श्रम वाचले, लिहिण्यातल्या चुका संपल्या, हा फायदा खराच. पण रिपोर्टवर उरलं फक्त शेवटचं उत्तर. एक्सेलची फाइल कुणीतरी एकदा बनवलेली, पासवर्ड घालून बंद केलेली, बनवणारा दुसऱ्या कंपनीत गेलेला. एक्सेलमध्ये प्रमाण विचलनासाठी दोन फंक्शन्स आहेत, वरच्या पाच लच्छ्यांसाठी एक चारने भागणारं आणि दुसरं पाचने. नव्या आवृत्त्यांत त्यांच्या नावांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. रात्रपाळीच्या माणसाला ते अक्षर दिसत नाही, त्याला दिसतो तो लाल झालेला चौकोन. टेक्स्चरायझिंग मशीनवर प्रत्येक धाग्याचा ताण मोजून बॉबिनला ए किंवा बी ग्रेड देणाऱ्या यंत्रणांचंही असंच होऊन बसतं. आत सरासरी, चढउतार, मर्यादा सगळं असतं, पण बॉबिन उचलणाऱ्याच्या हाती येतं एक अक्षर. परदेशी मशीनची सेटिंग डेसिटेक्समध्ये, म्हणजे दहा हजार मीटरवर, आणि बाजाराची भाषा डेनियरची. ७५ डेनियर म्हणजे ८३.३ डेसिटेक्स. नऊ हजार आणि दहा हजार यांची अदलाबदल मधल्या कुठल्या पायरीवर झाली हे दिसत नसेल तर अकरा टक्क्यांचा घोळ सुतापर्यंत येऊन पोचतो.

आणखी एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणाऱ्यांचा सूर मला कधीच पटलेला नाही: पाळीवरच्या माणसाला हे सगळं बघून काय करायचंय? त्याला कळणार आहे का? सिल्वासाच्या कारखान्यांत वारली, कोकणा घरांतली स्थानिक मुलं असतात, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले असतात, सुपरवायझर गुजराती किंवा मराठी असतो. एका खात्यात चार-पाच भाषा सहज चालतात. सूचनांचे लांब परिच्छेद कुणीच वाचत नाही. पण आकडे सगळ्यांना वाचता येतात. मिनिटाला सातशे मीटर वेगाने आठ तासांत ७५ डेनियरचं सूत एका स्पिंडलवर २.८ किलो निघायला हवं, हे गणित कागदावर न मांडताही कित्येक कामगार बॉबिनच्या वाढीवरून ओळखतात, आणि पडद्यावर वेगळं काही आलं तर "ये गलत है" म्हणतात. त्यांचं म्हणणं मानलं जात नाही, कारण पडदा फक्त शेवटचा आकडा दाखवतो आणि वाद घालायला मधली पायरी हाताशी नसते. तीन ओळींचा पडदा त्या माणसाला समजला नसता असं म्हणणारे त्याला ओळखत नाहीत.

किमतीचा आक्षेप त्या काळी निरुत्तर करणारा होता. १९६६च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांना होता, म्हणजे ९१०० जकात धरण्याआधीच ३६,७५० रुपये. त्या पैशांत आमच्याकडच्या छोट्या कारखान्याचं कितीतरी सामान आलं असतं. हे यंत्र इथल्या कारखान्यांसाठी नव्हतंच. ह्यूलेट-पॅकार्डची उपकरणं भारतात विकण्याचं काम पुढे कित्येक वर्षं मुंबईच्या ब्ल्यू स्टारकडे होतं. तीच ब्ल्यू स्टार १९९७ मध्ये आमच्या दादऱ्याला एअर कंडिशनिंगचा कारखाना घेऊन आली, पण तोवर असल्या यंत्रांचा जमाना कधीच सरला होता. किंमत मात्र त्याआधीच झरझर उतरली होती. १९७४ साली त्याच कंपनीचा एचपी-६५ आला तो खिशात मावणारा, शंभर पायऱ्यांचा, स्वतःचं चुंबकीय कार्ड वाचणारा, ७९५ डॉलरचा. आज मधल्या पायऱ्या दाखवायला वेगळा खर्चच नाही. मशीनचा प्रत्येक टचस्क्रीन हवे तितके आकडे दाखवू शकतो, रिपोर्टवर एक ओळ वाढवायला शाईसुद्धा फारशी लागत नाही.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. सीव्हीच्या शेजारी चार आकडे छापावेत: नमुने किती, त्यांची बेरीज, वर्गांची बेरीज, आणि कशाने भागलं. वरच्या उदाहरणात ते असतील ५, ३७५, २८१२७.५ आणि ४. डेनियरच्या प्रत्येक आकड्यापाशी नऊ हजार की दहा हजार हे लिहिलेलं असावं. ग्रेडच्या अक्षराखाली ज्या मर्यादेमुळे ते अक्षर पडलं ती मर्यादा दिसावी. एवढं असेल तर गिऱ्हाइकाच्या लॅबमधला माणूस साध्या कॅल्क्युलेटरवर पडताळा घेईल आणि फोनवरच कळेल की फरक भाजकाचा आहे, ट्रक परत पाठवायचं कारण नाही. मशीन किंवा सॉफ्टवेअर घेतल्यावर हे मागितलं तर विकणारा जास्तीचे पैसे सांगतो आणि महिनोन्‌महिने लावतो. तेव्हा ते पर्चेस ऑर्डरमध्येच, वॉरंटी आणि स्पेअर पार्टच्या ओळीखाली लिहून घ्यावं, आणि मशीन सुरू करून द्यायला येणाऱ्या इंजिनिअरकडून रात्रपाळीच्या माणसासमोर एकदा चालवून बघावं.